इंग्रजीची पहिली गोष्ट कोणी निवडायची?

आपल्या देशात इंग्रजीवरून जितके वाद झाले तितके दुसऱ्या कोणत्या शालेय विषयावरून क्वचितच झाले असतील. पण हे सारे वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले: इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवायचे? पश्चिम बंगालने १९८० च्या दशकात प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकले आणि पुढे टप्प्याटप्प्याने परत आणले. महाराष्ट्राने २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. नागालँडची तर राजभाषाच १९६७ पासून इंग्रजी आहे. या प्रत्येक निर्णयावर अग्रलेख लिहिले गेले, परिषदा झाल्या, समित्या नेमल्या गेल्या. मात्र पहिलीतल्या मुलाच्या कानावर इंग्रजीतली जी पहिली गोष्ट पडणार, ती कोणती असावी आणि ती कोणी निवडावी, यासाठी कोणी साधे निवेदन दिल्याचेही माझ्या पाहण्यात नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मुलाला इंग्रजीत सांगायच्या पहिल्या गोष्टी त्याने आपल्या घरच्या भाषेत आधी ऐकलेल्या असाव्यात; आणि त्या निवडण्याचा अधिकार, त्या वर्गात उभे राहून जी व्यक्ती सांगणार आहे, तिचा असावा. आज आपली व्यवस्था या दोन्ही बाबतींत नेमके उलटे करते. गरीब घरातल्या मुलाच्या हाती इंग्रजी का येत नाही, याच्या कारणांमध्ये हे एक मोठे कारण आहे, आणि ते दूर करायला कायदा बदलावा लागत नाही की नवा निधीही लागत नाही.

प्रश्न किती गंभीर आहे ते आधी पाहू. 'असर' या सर्वेक्षणाने २०१६ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांना इंग्रजीतली अगदी सोपी वाक्ये वाचायला दिली. ती २४.७ टक्के मुलांना वाचता आली. २०२२ साली हेच प्रमाण २४.५ टक्के होते. मध्ये करोनाची दोन वर्षे गेली हे खरे. पण २०१६ चा आकडा करोनाच्या आधीचाच आहे. म्हणजे पाचवीपर्यंत पोचलेल्या दर चार मुलांपैकी तिघांना इंग्रजीतले सोपे वाक्यही वाचता येत नाही. ज्या देशात संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज, संसदेने अन्यथा ठरवीपर्यंत, इंग्रजीतच चालते, जिथे औषधाच्या वेष्टनापासून अभियांत्रिकीच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे इंग्रजीच आहे, तिथे या तिघांसाठी किती दारे बंद झाली याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ज्या घरात इंग्रजी पुस्तके, वर्तमानपत्रे आहेत आणि आईवडील इंग्रजी बोलतात, त्या घरातल्या मुलाचे शाळेने वाईट गोष्ट निवडल्याने फारसे बिघडत नाही. ज्याच्या वाट्याला शाळेतले तेवढेच इंग्रजी येते, त्याचे सर्वस्व त्या निवडीवर अवलंबून असते.

सरकारी कागदांत इंग्रजीला 'द्वितीय भाषा' किंवा 'तृतीय भाषा' म्हणतात. नंदुरबारच्या पाड्यावर घरी भिली बोलणाऱ्या मुलासाठी मराठीच दुसरी भाषा असते. नागालँडच्या मोन जिल्ह्यात घरी कोन्याक बोलणाऱ्या मुलीला शाळेत पाऊल टाकताच सारे विषय इंग्रजीतून भेटतात. कागदावर काहीही लिहा, या मुलांच्या दृष्टीने इंग्रजी ही परकी भाषा आहे, आणि परकी भाषा शिकवण्याचे जे शहाणपण जगभर जमा झाले आहे ते त्यांनाच सर्वांत जास्त हवे आहे.

आता सध्याची निवड कशी होते ते पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत असे स्पष्ट लिहिले आहे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये ग्रंथालय अनुदान ठरले. तेव्हा तरतूद नाही असे कोणी म्हणू नये. पण तरतुदीचा मुलापर्यंतचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पैसे वर्षाच्या उत्तरार्धात उतरतात. मार्चअखेरच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र जायचे असते. पुरवठादार छापील यादी घेऊन येतो, दरपत्रके जुळवली जातात, समिती बसते. समितीत अधिकारी असतात, लेखा विभागाचा माणूस असतो, एखादा विषयतज्ज्ञ असतो. पहिलीचा वर्ग शिकवणारी बाई बहुधा नसते. पुस्तके उघडून पाहायला वेळ नसतो, म्हणून ती शीर्षकावरून आणि किमतीवरून निवडली जातात. मग गठ्ठे येतात, नोंद होते, कपाटाला कुलूप लागते.

या निवडीमागे काही ठरलेल्या समजुती असतात. त्यांचा एकेक करून समाचार घ्यायला हवा.

पहिली समजूत तात्पर्याची. गोष्टीतून 'संस्कार' झाला पाहिजे, म्हणून शेवटी ठळक अक्षरात उपदेश असलेली पुस्तके यादीत वर जातात. याला आधार म्हणून पंचतंत्राचे नाव हमखास घेतले जाते. ज्यांनी मूळ पंचतंत्र चाळले आहे त्यांना याचे हसू यावे. पंचतंत्र हा राजपुत्रांना कारभार शिकवण्यासाठी रचलेला ग्रंथ आहे. एका अर्थी तो आम्हा प्रशासकांचाच क्रमिक ग्रंथ. राजा अमरशक्तीच्या तीन मंद मुलांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत शहाणे करायचे होते. त्यातले प्राणी फसवतात, फसतात, युक्तीने सुटतात. ससा सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावतो. कावळे राजघराण्यातला हार सापाच्या बिळात टाकून राजाच्या नोकरांकडूनच सापाचा काटा काढतात. 'खरे बोलावे, मिळून राहावे' एवढ्यात मावणाऱ्या या गोष्टी नाहीत. पद्धतही पाहण्यासारखी आहे. एक पात्र अमक्याची गत तमक्यासारखी झाली असे म्हणते, आणि ऐकणारा विचारतो की ते कसे घडले? मग गोष्ट सुरू होते. पंचतंत्रात प्रश्न आधी येतो आणि तो ऐकणारा विचारतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रश्न शेवटी येतात आणि ते पुस्तक विचारते. परकी भाषा शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे. ज्याला पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे आहे तोच अनोळखी शब्दांवरून उडी मारून पुढे जातो. ज्याला शेवटी परीक्षा आहे हे आधीच माहीत आहे तो पहिल्या अनोळखी शब्दापाशी थांबतो.

दुसरी समजूत अशी की इंग्रजी ज्यांची भाषा, गोष्टही त्यांचीच हवी; म्हणून सिंड्रेला, हिमगौरी आणि बर्फातली घरे. तिच्यावरची प्रतिक्रियाही तितकीच उथळ असते: परदेशी गोष्ट दिसली की यादीतून खोडा. दोन्ही पक्षांना आपल्याच कथांचा इतिहास माहीत नसावा. पंचतंत्रातल्या गोष्टी अरबी, लॅटिन, इटालियन असा प्रवास करत १५७० साली टॉमस नॉर्थच्या हातून इंग्रजीत पोचल्या. १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. ते मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने संकलित केले होते. कथा सांगणारी होती त्या घरची आया, ॲना लिबराटा डिसूझा. १९१४ साली चार्ल्स किंकेड या मुंबई इलाख्यातल्या आयसीएस अधिकाऱ्याने श्रावणातल्या वारांच्या आणि व्रतांच्या मराठी कहाण्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या नावाने इंग्रजीत आणल्या. चित्रे काढली म. वि. धुरंधरांनी. म्हणजे आपल्या आज्या जे सांगत होत्या ते इंग्रजीत सांगता येते, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. शिवाय सांगणाऱ्यांत एक आया आणि लिहिणाऱ्यांत एक सनदी अधिकारी होता, हे आजच्या निवड समित्यांनी ध्यानात घ्यावे.

उलट बाजूने, परदेशी म्हणून गोष्ट टाकाऊ ठरत नाही. एनसीईआरटीच्या 'मॅरिगोल्ड' मालेत तिसरीला एका अवाढव्य सलगमाची रशियन लोककथा होती. म्हाताऱ्याला सलगम उपटत नाही, म्हणून म्हातारी येते, मग मुले येतात, रांग वाढत जाते. कोकणातल्या मुलाने सलगम पाहिलेला नसला तरी चालते, कारण पुढे काय होणार हे त्याला दुसऱ्या वाक्यापासून कळते आणि ते बरोबर निघाल्याचा आनंद होतो. गोष्टीचा जन्म कुठला हे विचारू नका. ऐकणाऱ्या मुलाला पुढचे पाऊल ओळखता येते का, हे विचारा.

तिसरी समजूत शब्द मोजण्याची. पहिलीसाठी इतके शब्द, दुसरीसाठी तितके. त्यात बसेल ती गोष्ट. या विचाराचे मूळ आपल्याच मातीत आहे. मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले अधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होते. बंगाली मुलांच्या हाती दिलेल्या इंग्रजी वाचनपुस्तकांत नवे आणि दुर्मीळ शब्द इतके दाटीने येतात की मूल वाचूच शकत नाही, हे त्यांनी तपासून पाहिले. १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी उपाय केला तो असा की दुर्मीळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द दूरदूर पेरले. वाचनाचा ओघ टिकावा म्हणून शब्द कमी केले. आज त्यांच्या नावावर जे खपते त्यात शब्द मोजून ठेवलेले असतात आणि गोष्टच उरलेली नसते. मांजर चटईवर बसते, उंदीरही चटईवर बसतो. तो का बसतो आणि मांजर त्याला खात का नाही, हे कोणी विचारायचे नाही. अक्षरांची ओळख पक्की करायला अशी वाक्ये जरूर वापरावीत. पण त्यांना गोष्ट म्हणू नये आणि गोष्टींच्या पुस्तकांचे पैसे त्यांवर खर्च करू नयेत.

चौथी गोष्ट म्हणजे कपाटाचे कुलूप. याला समजूत म्हणण्यापेक्षा भीती म्हणणे योग्य. पुस्तक हरवले किंवा फाटले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, वसुली लागेल, म्हणून मुख्याध्यापक पुस्तके देत नाहीत. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण नियम वाचावेत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, वाजवी मानली आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १९८४ सालीच असे कळवले होते की ग्रंथालयाच्या पुस्तकांची गोष्ट इतर भांडारातल्या वस्तूंहून वेगळी आहे आणि त्यांच्या खरेदीसाठी निविदा मागवण्याची गरज नाही. राज्यांचे नियम आपापले आहेत. पण तत्त्व मान्य झालेले आहे. खुर्ची आणि पुस्तक यांत फरक आहे हे शासनाला ठाऊक आहे. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला ते अजून ठाऊक झालेले नाही. आणि सहा वर्षांच्या मुलांच्या हाती जाणाऱ्या पुस्तकांना हजारी पाचाचे प्रमाणही अपुरेच आहे. जे पुस्तक वर्षभर पहिलीच्या वर्गात फिरले आणि तरी कोरेकरकरीत राहिले, ते वाचले गेले नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मुलाला आधीच माहीत असलेली गोष्ट इंग्रजीत का सांगायची?

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. चिमणी प्रत्येक वेळी थांब म्हणते आणि एक कारण सांगते: बाळाला न्हाऊ घालते आहे, पुसते आहे, जेवू घालते आहे, निजवते आहे. मराठी मुलाला ही गोष्ट दोन-तीन वर्षांचा असल्यापासून पाठ असते. तीच बाईंनी इंग्रजीत सांगितली तर काय घडते? दार ठोठावण्याचा अभिनय झाला की आता कावळा काय म्हणणार हे मुलाला माहीत आहे. 'वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी' हे ऐकताच 'वेट' म्हणजे थांब हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. वाक्याचा साचा तोच राहतो, क्रियापद तेवढे बदलते. चालू वर्तमानकाळ शिकवण्यासाठी जी बदली-तक्ते भाषातज्ज्ञ कष्टाने तयार करतात, तो तक्ता आमच्या आज्यांनी कधीच तयार करून ठेवला आहे. या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा असतो. काही घरांत कावळ्याला चटकाही बसतो. समितीला तो रुचणार नाही. मुलांना मात्र तोच लक्षात राहतो.

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट अशीच. लेकीकडे निघालेली म्हातारी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जनावराला तेच वचन देते आणि परतताना भोपळ्यातून प्रत्येकाला तेच उत्तर देते. भविष्यकाळ, प्रश्न, नकार, सारे तीन-तीनदा. ही गोष्ट केवळ आपली नाही. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० च्या 'टुनटुनीर बोई'मध्ये ती कुबड्या म्हातारीची म्हणून येते. इराणातही मुलांना भोपळ्यातली म्हातारी ठाऊक आहे. माकड आणि मगरीची गोष्ट पंचतंत्रात आहे, जातककथांत आहे आणि देशातल्या बहुतेक भाषांत आहे. म्हणजे अखिल भारतीय पातळीवर शिकवता येईल असा ओळखीच्या गोष्टींचा साठा आपल्याकडे तयार आहे. ज्या राज्यात जी चालते ती घ्यावी.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला: माहीत असलेली गोष्ट मूल कशाला ऐकेल? हा आक्षेप घेणाऱ्याने कधी लहान मुलाला झोपवलेले नसावे. मूल सलग पंधरा रात्री तीच गोष्ट मागते आणि एक शब्द चुकला तर दुरुस्त करते. प्रौढ माणूस शेवट कळावा म्हणून गोष्ट ऐकतो. मूल ठरलेला शेवट बरोबर येतो की नाही हे पाहायला ऐकते. त्याचे अर्थाकडचे लक्ष मोकळे असते, म्हणून शब्दांकडे जाऊ शकते.

दुसरा आक्षेप: शिक्षकांनाच इंग्रजी येत नाही. हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे, आणि म्हणूनच ओळखीची गोष्ट हवी. ज्या बाईंना परदेशी पुस्तकातले अनोळखी वाक्य उच्चारताना संकोच वाटतो, त्या आठ-दहा वाक्यांची चिमणीची गोष्ट आठवडाभराच्या सरावाने न अडखळता सांगू शकतील. गोष्ट त्यांच्या ताब्यात असते. भाषा तेवढी कमवायची असते. वर्गात आत्मविश्वासाने सांगितलेले साधे इंग्रजी हे भीत भीत वाचलेल्या अचूक इंग्रजीपेक्षा मुलांना अधिक देते.

तिसरा आक्षेप: अशाने मुले विहिरीतले बेडूक राहतील. राहणार नाहीत. मी पहिल्या गोष्टींविषयी बोलतो आहे, शेवटच्या नव्हे. दोन वर्षे ओळखीच्या गोष्टींवर कान आणि जीभ तयार झाली की रशियाचा सलगम यावा, आफ्रिकेतला कोळी यावा, सिंड्रेलाही खुशाल यावी. आधी अनोळखी भाषा आणि वर अनोळखी जग, असे दुहेरी ओझे पहिल्याच दिवशी नको, एवढेच.

गोष्टींनी परकी भाषा येते याला वर्गातला पुरावाही आहे. फिजी बेटांवर १९८० च्या सुमारास वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती अशा चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे २५० सचित्र, मुलांना आवडतील अशी इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत शिक्षक वाचून दाखवत, काहींत मुले स्वतः वाचत. १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पाठांवर शिकणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती पहिल्या वर्षात दुप्पट वेगाने झाली, आणि पुढे ती लेखनातही उतरली. त्या प्रयोगाचा भर ओळखीवर नव्हता, आवडीवर आणि विपुलतेवर होता. पण गोष्ट म्हणजे अभ्यासानंतरचा विरंगुळा नसून तोच अभ्यास आहे, हे त्याने दाखवून दिले. आमच्या व्यवस्थेत गोष्टीचा तास आजही शेवटचा असतो आणि पाऊस आला की तोच रद्द होतो.

हे लिखाण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण महाराष्ट्राबाहेर आहेत: बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली, किंवा त्याहून दूर. त्यांच्या घरात हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात उभा आहे. मूल घरी मराठी, रस्त्यावर कन्नड वा तेलुगू आणि शाळेत इंग्रजी ऐकते. आईवडिलांना वाटते, निदान रात्रीची गोष्ट तरी इंग्रजीत सांगू म्हणजे तेवढाच सराव. याने दोन्हीकडून नुकसान होते. मराठीतली गोष्ट मुलाला मिळतच नाही, आणि इंग्रजीतली मिळते ती आईवडिलांच्या कार्यालयीन इंग्रजीत. क्रम उलटा करून पाहावा. सोमवारी आजीने, प्रत्यक्ष वा व्हिडिओवरून, भोपळ्याची गोष्ट मराठीत रंगवून सांगावी; गुरुवारी तीच आईने वा वडिलांनी सोप्या इंग्रजीत सांगावी. किंकेडच्या कहाण्या आणि मेरी फ्रिअरचे पुस्तक आज जालावर विनामूल्य वाचायला मिळते. त्यांचे इंग्रजी जुन्या वळणाचे असल्याने मुलांना थेट वाचून दाखवण्याजोगे नाही, पण आपल्या गोष्टीला इंग्रजीत कोणते शब्द शोभतात हे मोठ्यांना त्यातून कळेल. यात मराठीही राहील आणि इंग्रजीही येईल; दोहोंत भांडण लावायचे कारण नाही.

प्रशासनाने काय करावे, तेही स्पष्ट सांगतो.

एक. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांची निवड केंद्रातल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी करावी. नमुना प्रत वर्गात वाचून दाखवावी. मुलांनी पुन्हा मागितली तर पुस्तक यादीत राहील, नाही तर नाही. दुसरी कोणतीही कसोटी याहून वरची मानू नये.

दोन. पहिल्या दोन वर्षांच्या गोष्टींपैकी निम्म्या तरी त्या भागात सांगितल्या जाणाऱ्या असाव्यात, आणि शक्य तिथे एका पानावर घरची भाषा व समोर इंग्रजी असावी. अशी पुस्तके करता येतात. चेन्नईची तूलिका ही संस्था द्विभाषिक बालपुस्तके काढते. बंगळूरच्या प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' हे २०१५ पासूनचे संकेतस्थळ अनेक भाषांतल्या गोष्टी मुक्त परवान्याने देते, ज्या छापायला कोणाची परवानगी लागत नाही. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केले, म्हणजे घरच्या भाषेतले शालेय साहित्य छोट्या भाषांतही तयार होऊ शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही द्विभाषिक पाठ्यसाहित्याचा पुरस्कार आहे. धोरणाचा दाखला हवा असलेल्यांनी तो घ्यावा.

तीन. गोष्टीच्या पुस्तकात तात्पर्य आणि प्रश्नावली छापलेली असेल तर ते पाठ्यपुस्तक समजावे. ग्रंथालय अनुदानातून घेऊ नये.

चार. खरेदी मार्चमध्ये एकगठ्ठा करू नये. जुलैत थोडी, दिवाळीनंतर थोडी करावी, म्हणजे पहिल्या खेपेत काय आवडले ते पाहून दुसरी निवडता येईल.

पाच. वाचून जीर्ण झालेल्या बालपुस्तकांचे निर्लेखन करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना द्यावा. तपासणीच्या तक्त्यात 'किती पुस्तके आहेत' याच्या जोडीला 'किती पुस्तके वाचून फाटली' असा रकाना घालावा, आणि त्यात शून्य असेल तर स्पष्टीकरण मागावे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला मंत्रिमंडळाची मान्यता लागत नाही. जिल्हा पातळीवरचा एक अधिकारी एका परिपत्रकाने हे सुरू करू शकतो. ज्यांच्या टेबलावर यंदा पुस्तकखरेदीची फाईल येईल, त्यांना एवढीच विनंती आहे. यादीतले कोणतेही एक पुस्तक उचलावे, जवळच्या शाळेत जावे आणि पहिलीच्या वर्गाला ते स्वतः वाचून दाखवावे. मुले 'पुन्हा सांगा' म्हणाली नाहीत, तर त्या फाईलवर सही करू नये.